मायाला नापास करायचं

१ जानेवारी २००४, गुरुवार. संध्याकाळ.

ही डायरी मायाच्या कंपनीची. कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात सगळ्या कामगारांना वाटली. माया माझी नात. म्हणाली, आज्जी, साक्षरता वर्गात शिकलीस ते विसरशील, रोज दोन ओळी लिहीत जा. दर पानाखाली इंग्रजीत काहीतरी छापलंय. कंपनीनं स्वतःचंच कौतुक केलं असणार.

सकाळी दौंडवरनं भीमा कोरेगावला जाऊन आलो. स्तंभाला मानवंदना दिली. गर्दी लई. येताना टेम्पोत माया म्हणाली, मी नोकरी सोडणार हाय. शेंगदाणे संपलेत म्हणून सांगावं तसं सांगितलं.

शिरूरला शलमोन सर म्हणून हायेत. पूर्वी पीटी शिकवायचे. आता कोकणात लोकांना चिंचोळ्या होड्यांतून समुद्रावर फिरवत्यात, किनाऱ्यावर तंबूत झोपवत्यात आन् परत आणत्यात. त्या होडीला कयाक म्हणत्यात. माया दोन वर्षं दर सुट्टीला शिरूरला क्लासला जायची. मला वाटलं टायपिंग. तर घोड नदीत वल्हं मारायला शिकत व्हती.

७ आन् ८ फेब्रुवारीला तिची परीक्षा. खरी माणसं समुद्रावर न्यायची, एक रात्र ठेवायची, सुखरूप आणायची. सर नुसते बघणार आन् वहीत लिहिणार. पास झाली तर १ मार्चपासून कोकणात गाईड. नापास झाली तर कुरकुंभ.

कुरकुंभला परमनंट व्हायला आठ महिने राहिलेत. तिथं भिंती हायेत, वर पत्रा हाय, गेटवर वॉचमन हाय. शिफ्टवरून आली की डोळं लाल असत्यात, पण धुतलं की जातं. समुद्राला कुठला वॉचमन?

संकल्प: माया नापास झाली पाहिजे. आरडाओरडा करायचा न्हाई. डोक्यानं करायचं. महिना पुष्कळ झाला.

३ जानेवारी, शनिवार.

सकाळी सहापासून अबोला धरला. दुपारी जेवताना महेंद्र (माझा ल्योक, मायाचा बाप, रेल्वेत पॉइंट्समन) म्हणाला, आज घरात कसं बरं वाटतंय. माया म्हणाली, व्हय, आज्जीची तब्येत सुधारली.

चार वाजता दूध उतू चाललं. दोघं टीव्हीत. ओरडावं लागलं.

अबोला हा काय खरा उपाय नव्हताच. अंदाज घेत व्हते.

६ जानेवारी, मंगळवार.

महेंद्रला म्हटलं, बाप हायेस, दोन शब्द बोल. म्हणाला, तिचं ती बघंल. याची बायको गेली तवा माया चार वर्षांची. तवाही हेच म्हणाला व्हता, आई, तू बघ. मी बघितलं. एकोणीस वर्षं बघितलं. आता ती तिचं बघणार.

दुसरा उपाय केला. शेजारच्या धुरपदाला पढवून पाठवलं. तिला बुडून मेलेल्या माणसांच्या लई गोष्टी ठावूक. म्हटलं, माया शिफ्टवरून आली की तिच्यापुढं दोन-चार सांग.

धुरपदा आली. ताटलीभर चिवडा खाल्ला. मायानं तिला होडीचे फोटो दाखवले. पाऊण तास दोघींची डोकी त्या फोटोत. मग धुरपदा म्हणाली, माये, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना नेतात का गं? माया म्हणाली, परीक्षेला सगळ्या वयाची माणसं लागत्यात, सरांनी सांगितलंय. धुरपदानं नाव दिलं. बुडालेला एकही माणूस तिला आठवला न्हाई.

जाताना मला म्हणते, ताईबाय, तुझ्या नातीला समजतंय हां सगळं.

८ जानेवारी, गुरुवार.

झोपेतून उठताना सुचलं. परीक्षेला गिऱ्हाईक लागतं. मग मीच गिऱ्हाईक व्हायचं. असं गिऱ्हाईक व्हायचं की सरांनी कपाळावर हात मारला पाहिजे आन् वहीत लिहिलं पाहिजे, हिला माणसं सांभाळता येत न्हाईत.

मायाला म्हटलं, माझंही नाव घाल. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, डॉक्टरचा दाखला लागंल. मला वाटलं आनंद झाला. पोरगी भोळी हाय.

डॉक्टरनं बीपी बघितलं. म्हणाला, आजी, माझ्यापेक्षा तुमचं चांगलं. म्हटलं, तुमची नात समुद्रात चालली न्हाई अजून.

११ जानेवारी, रविवार.

शिरूरला प्रॅक्टिस. घोड नदीचं पाणी धरणानं फुगलेलं, गार. सर काळे, उंच, हळू बोलणारे. त्यांनी आम्हाला तरंगायची जॅकेटं दिली.

मला पोहायला कुणी शिकवायची गरज न्हाई. केंदूरला मामाच्या विहिरीत मी नऊ वर्षांची असताना शिकले. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आन् आत ढकलायचं. डबा पाठीलाच. पोटाला डबा बांधलेलं माणूस मी जन्मात बघितलं न्हाई. म्हणून जॅकेटची जाड बाजू मी पाठीवर घेतली आन् धुरपदाकडून मागं गाठी मारून घेतल्या. माया दोनदा म्हणाली, आज्जी, उलटं घातलंयस. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून पोहते. ती सोडायला आली तर हात झटकला.

मग होडी मुद्दाम उलटी करायची प्रॅक्टिस. बाकीचे पडले आन् बुचासारखे वर आले, तोंड आभाळाकडं. मी पडले आन् जॅकेटनं मला धरून पालथी घातली. तोंड पाण्यात. वर काढावं म्हटलं तर पाठीवरनं कुणी दाबून धरल्यासारखं. विहिरीत हात मारला की माणूस पुढं जातं. इथं नुसती गोल फिरले.

माया आली. एका हातानं खांदा, एका हातानं हनुवटी. सरळ केली. वर आवाज एकदम सपाट, कंपनीत खोकी मोजत असल्यासारखा. आज्जी, मी धरलंय. तोंड मिट. आता श्वास घे. आता पाय सोड. काठाला आणेपर्यंत बोलत व्हती. एकदाही ओरडली न्हाई. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सर वहीत लिहीत व्हते. दोन ओळी न्हाई, अर्धं पान. गिऱ्हाईक पालथं पडलं तर चूक कुणाची? गाईडची. पहिल्याच दिवशी अर्धं पान विरोधात.

१२ जानेवारी, सोमवार.

अंग ठेचल्यागत. नाकातून अजून घोड नदी येतेय.

माया रात्री जॅकेटं घरी घेऊन आली आन् प्रत्येकावर लाल रंगानं छातीच्या बाजूला मोठा ठिपका काढला. म्हणाली, ठिपका पोटावर, गाठ पोटावर, आता कुणी चुकायचं न्हाई. सरांना फोन करून सांगितलं. ते काय म्हणाले ते ऐकू आलं न्हाई. माया हसली मात्र. उसनं हसली असणार.

१८ जानेवारी, रविवार.

आज पाणी न्हाई, नुसते नियम. सरांनी मायालाच सांगायला लावलं. किनाऱ्यावर चूल मांडायची न्हाई, स्टोव्ह न्यायचा. काही तोडायचं न्हाई, काही उचलायचं न्हाई, काही टाकायचं न्हाई. जे नेलं ते समदं परत आणायचं. आपण गेल्यावर तिथं कुणी आलं व्हतं हे कावळ्यालाही कळता कामा नये.

मी विचारलं, समदं म्हंजी समदं? ती म्हणाली, समदं. म्हटलं, सकाळचं सुद्धा? ती म्हणाली, व्हय, त्याला घट्ट झाकणाचा पिंप हाय, तो बोटीत येतो.

जन्म गेला टमरेल घेऊन रुळाच्या पलीकडं जाण्यात. ग्रामसेवक शिट्टी वाजवत मागं लागायचा. आता तेच पिंपात भरून समुद्रातून मिरवत आणायचं आन् त्याला ट्रेनिंग म्हणायचं. मी हे समदं मोठ्यानं बोलले. पुण्याहून आलेले चार जण (दोन नवरा-बायकोच्या जोड्या, कॉम्प्युटरवाले) हसायला लागले. मला वाटलं आता मायाची शोभा झाली.

माया म्हणाली, आज्जी बरोबर बोलतीय. त्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा एकच झरा हाय आन् जवळच्या वाडीतल्या बाया तिथं घागरी भरायला येत्यात. आपण एक रात्र जाणार, त्यांना बारा महिने प्यायचंय.

मी आयुष्यभर पाण्यासाठी भांडले आन् तेच मला सांगितलं. पुण्याच्या बाईनं पहिलं नाव दिलं, पिंप मी धरीन म्हणून. सर लिहीत व्हते.

२५ जानेवारी, रविवार.

सामान मोजलं. माणशी दहा किलो. माझं एकवीस भरलं. भाकरी, खर्डा, खलबत्ता, दोन लुगडी, गोधडी, पाच किलो बाजरीचं पीठ. मुद्दाम. म्हटलं, आता रडंल.

मायानं काटा लावला, खलबत्ता बाजूला ठेवला, पीठ बाजूला ठेवलं, भाकरी आन् खर्डा समद्यांच्यात वाटून टाकला. गोधडी राहू दिली. म्हणाली, हिला तंबूत गारठा लागंल. एकवीसचे नऊ झाले. भांडायला काही शिल्लक ठेवलं न्हाई.

आता समुद्रातच बघायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार. किनाऱ्यावर, उजेड हाय तोवर लिहिते.

समुद्र बघितला. पाणी हाय. लई हाय. दौंडला नळाला एक दिवसाआड येतं आन् इथं एवढं पडलंय आन् पिता येत न्हाई. धुरपदा बघून डोळं पुसत बसली. म्हटलं, खारट पाण्यात अजून खारट घालू नकोस.

मी आन् माया एका होडीत. मी पुढं, ती मागं. ठरवलं व्हतं वल्हं मारायचं न्हाई. मांडीवर आडवं ठेवून बसले. दोन तास माया एकटीनं ओढली. मी म्हटलं, दमलीस का? ती म्हणाली, न्हाई, तुझी सावली चांगली पडतीय. पुण्याच्या लोकांना मी लांबून ओरडून सांगितलं, गाईड तेवीस वर्षांची हाय बरं का, लग्न न्हाई, अनुभव न्हाई. तिकडची बाई ओरडली, आजी, ही आमच्या जिमच्या इन्स्ट्रक्टरपेक्षा भारी हाय. धुरपदाचं वल्हं बाकीच्यांच्या बरोबरीनं पडत व्हतं. सत्तरीची बाई. लाज न्हाई.

किनारा बरा हाय. गाडी येत न्हाई, होडीनं न्हाईतर वाडीच्या पायवाटेनं यायचं. वाळूवर काय जळण पडलंय. लाटांनी आणून टाकलेलं, वाळलेलं, हाडासारखं पांढरं. दौंडात दोन काटक्यांसाठी बाभळीत अंग ओरबाडून घ्यावं लागतं. न उचलायचा नियम मला आठवत व्हता. पण वाळलं जळण ओलांडून पुढं जाणारी बाई मी न्हाई, नियम कुणाचाही असो. शिवाय मोडला तर मायाचंच वाईट.

छान मोळी झाली. बांधायला दोर नव्हता. मायाच्या होडीच्या मागं निळा दोर व्हता, तो घेतला. तो बुडणाऱ्या होडीला ओढायचा असतो हे मला नंतर धुरपदानं सांगितलं. म्हटलं, असू दे. उद्या सर दोर मागतील तवा बघू.

माया जेवायचं करतीय. स्टोव्हवर. पिठलं बरं झालंय.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी जीपमध्ये. अक्षर हलतंय.

क्रमानं लिहिते.

सकाळी मोळी जाग्यावर नव्हती. वाळूभर बघितलं तर एकेक लाकूड जिथलं तिथं. वाकडं फाटं व्हतं ते खडकाजवळ, जाड ओंडका झाडाखाली. निळा दोर होडीच्या मागं. माया म्हणाली, आज्जी, जळण चांगलं व्हतं, पण त्याच्याखाली खेकडे राहत्यात. दोर मी काल जेवायच्या आधीच काढला व्हता. मग ती पिंपाचं झाकण घट्ट करायला गेली. सर वहीत लिहीत व्हते.

मग वारा सुटला. आठला निघायचं व्हतं. माया म्हणाली, निघायचं न्हाई, दहापर्यंत थांबू, पुन्हा बघू. पुण्याच्या एका गृहस्थाला उद्या ऑफिस. तो कुरकुरला. सर म्हणाले, मला तर वारा ठीक वाटतो. मला वाटलं हीच वेळ. मोठ्यानं म्हटलं, सरांना समजतंय का कालच्या पोरीला? मी चालले. आन् कडेच्या होडीत जाऊन बसले. होडी कोरड्या वाळूवर, पाणी दहा-पंधरा पावलं लांब. कुणी बोलवायला आलं तरी उठायचं न्हाई. माया रडंल किंवा निघंल. दोन्हीत नापास.

कुणी आलं न्हाई. अर्ध्या तासानं मायानं चहा आणून दिला. कप परत द्यायचा हं, म्हणाली.

मी समुद्राकडं पाठ करून बसले व्हते. तासाभरानं बूड गार लागलं. बघते तर चारी बाजूंनी पाणी. होडी डुलतीय. आमच्याकडं भीमेला पाणी वाढतं ते वरनं धरणाचं सोडलं तर. आधी भोंगा वाजतो, पोलीस सांगत फिरत्यात. इथं भोंगा न्हाई, काही न्हाई. मी ओरडले, माये, पाणी सोडलंय, समद्यांना वर काढ. पुण्याची माणसं हसायची थांबंनात. समुद्र म्हणे रोजच दोनदा असा वर येतो आन् दोनदा जातो. कुणी सोडत न्हाई.

होडी मात्र चार हातांच्या पुढं गेली न्हाई. मायानं ती कवाच झाडाला बांधली व्हती. गुडघाभर पाण्यात चालत आली. म्हणाली, आज्जी, बसायचं असंल तर बस, दोर मी सोडणार न्हाई. मी उतरले. लुगडं भिजलं.

साडेदहाला वारा पडला. निघालो. मी वल्हं मारलं. उन्हाचं नुसतं बसवत नव्हतं म्हणून.

तीच दुपार, चहाला जीप थांबली तवा.

सरांनी समद्यांसमोर सांगितलं, माया पास. मग माझ्याकडं वळले. म्हणाले, आजी, दर परीक्षेला मी माणसं मुद्दाम त्रास द्यायला ठेवतो. जॅकेट चुकीचं घालणारा, नियम मोडणारा, ऐन वेळी भांडणारा. एवढं समदं एकट्याला जमत न्हाई, मी तिघांत वाटून देतो. यंदा कुणाला ठेवावं लागलं न्हाई. सकाळी वारा ठीक वाटतो म्हटलं, तेही मुद्दाम.

वही दाखवली. अर्धं पान, दोन पानं, साडेतीन पानं. समदी मायाच्या बाजूची.

मी मायाला विचारलं, तुला ठावूक व्हतं? ती म्हणाली, आज्जी, तू नाव दिलंस त्याच दिवशी सरांना सांगितलं व्हतं, आज्जी मला नापास करायला येतीय. ते म्हणाले, आजींना घेऊ नकोस, अवघड जाईल. मी म्हटलं, घेणार.

धुरपदा भजी खात व्हती. म्हणाली, आख्ख्या आळीला ठावूक व्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

मायानं कंपनीत राजीनामा दिला. साहेबानं विचार कर म्हटलं. चांगला माणूस. तिनं केला न्हाई.

मनात ठरवलंय, पंधरा दिवसांत परत येईल. तिथं खायला नुसता भात. तिला भाकरी लागते.

२९ फेब्रुवारी, रविवार.

गेली. सकाळच्या एसटीनं. स्टँडवर जायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. मिरची आणायची व्हती म्हणून त्या बाजूला गेले. मिरची घेतली न्हाई, भाव चढा व्हता.

जाताना एक कागद दिला. म्हणाली, आज्जी, दर सहलीला निघताना गाईडनं जमिनीवरच्या एका माणसाला सांगायचं असतं, किती जण निघालो, कुठं चाललो, परत कवा. ठरल्या वेळेला फोन आला न्हाई तर त्या माणसानं सरांना कळवायचं, मग शोधायला निघत्यात. हे काम विसरणाऱ्या माणसाला देता येत न्हाई. मी तुझं नाव दिलंय.

महेंद्रचं का न्हाई, म्हटलं. ती म्हणाली, बाबा म्हणतील, तिचं ती बघंल.

म्हंजी एवढा मोठा समुद्राचा कारभार शेवटी दौंडवरनं मीच चालवणार. ठरवलंय, फोन आला की पहिल्यांदा तिला सुनवायचं. काय काय सुनवायचं ते मागच्या पानावर लिहून काढलंय. चौदा गोष्टी झाल्या.

१३ मार्च, शनिवार.

सकाळी फोन. आठ जण निघाले. उद्या संध्याकाळी सहापर्यंत परत. एवढंच. लाईन खराब व्हती, चौदातली एकही सांगून झाली न्हाई. उद्या सांगते.

१४ मार्च, रविवार.

चारपासून फोनजवळ. महेंद्रला कुणाला फोन लावायचा व्हता, लावू दिला न्हाई. धुरपदा आली, तिला बसू दिलं न्हाई. बोलते लई, घंटी ऐकू येणार न्हाई. मागचं पान उघडून ठेवलंय.

पाच. वारा सुटलाय. इथला. तिथला कसा हाय कुणास ठावूक.

साडेपाच. सरांचा नंबर पाठ झाला.

फोन आला. आज्जी, पोचलो. आठ जण. ठेवते, बूथवर रांग हाय.

ठेवला.

५.५२. पोचले. आठ.